हमिंग, गिटार आणि तिसरी पिन

३ मे १९७२ रोजी वेल्समधील स्वान्सी शहरात, टॉप रँक या नृत्यगृहात ‘स्टोन द क्रोज’ या स्कॉटिश वाद्यवृंदाचा कार्यक्रम होता. गिटारवादक लेस हार्वे याने गिटार हातात असताना मायक्रोफोनला हात लावला आणि विजेचा धक्का बसून तो रंगमंचावरच कोसळला. तो वाचला नाही. त्याचे वय होते २७ वर्षे. चार वर्षांनी, मे १९७६ मध्ये, ‘यार्डबर्ड्‌स’ या गाजलेल्या वाद्यवृंदाचा माजी गायक कीथ रेल्फ हा लंडनमधील आपल्या घरी इलेक्ट्रिक गिटार वाजवत असताना असाच गेला. तो ३३ वर्षांचा होता.

दोन्ही प्रसंगांत ‘अर्थिंग सदोष’ असे कारण सांगितले जाते. ते सांगून झाले की कलावंतांच्या बेफिकिरीवर दोन शब्द बोलले जातात आणि विषय संपतो. आम्हाला मात्र येथे वेगळाच प्रश्न पडतो. सतार वाजवणाऱ्याला कधी शॉक बसत नाही हे उघड आहे. पण इलेक्ट्रिक गिटारच्या तारांतही वीजपुरवठ्याची वीज खेळत नसते. मग ती वीज तारांपर्यंत पोहोचते कशी?

याचे उत्तर हमिंगमध्ये आहे. १९३० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेत रिकनबॅकरची इलेक्ट्रिक गिटार बाजारात आली. (गोल पोट आणि लांब दांडा यांमुळे तिला ‘फ्राइंग पॅन’ असे नाव पडले.) पोलादी तारांखाली चुंबक आणि तांब्याच्या बारीक तारेचे वेटोळे, तार कंप पावली की वेटोळ्यात क्षीण विद्युतदाब निर्माण होतो आणि ॲम्प्लिफायर तो वाढवतो. पण भोवतालच्या वायरिंगमधील प्रत्यावर्ती विजेचाही परिणाम त्या वेटोळ्यावर होतो. अमेरिकेत या विजेची वारंवारता ६० हर्ट्‌झ, आपल्याकडे ५०. ध्वनिक्षेपकातून ‘घूं’ असा अखंड आवाज येतो, तो हाच. गिब्सन कंपनीत सेथ लव्हर याने १९५५ साली उलटसुलट गुंडाळलेल्या दोन वेटोळ्यांची जोडी वापरून चुंबकीय क्षेत्रामुळे येणारे हमिंग जवळजवळ नाहीसे केले. विद्युत क्षेत्रामुळे येणारे हमिंग मात्र राहिलेच, आणि ते उचलण्यात मोठा वाटा असतो खुद्द वादकाच्या शरीराचा. आपले शरीर एखाद्या अँटेनासारखे भिंतीतल्या वायरींचा प्रभाव गोळा करते आणि गिटारला अगदी चिकटून उभे असते.

यावर काढलेला उपाय साधा होता. गिटारच्या धातूच्या घोडीला आतून एक वायर जोडायची, ती केबलच्या बाहेरच्या जाळीमार्गे ॲम्प्लिफायरच्या पत्र्याच्या सांगाड्याशी, म्हणजे चॅसिसशी नेऊन मिळवायची. आता वादकाने तारांना हात लावला की त्याचे शरीरही चॅसिसशी जोडले जाते आणि हमिंग कमी होते. शाळेत कोणाकडे इलेक्ट्रिक गिटार असेल आणि ॲम्प्लिफायर बॅटरीवर चालणारा असेल, तर विद्यार्थ्यांना हे दाखवता येईल. बहुतेक गिटारींत तारांवरून हात उचलला की ‘घूं’ वाढते, ठेवला की दबते. वादक हा त्या परिपथाचाच एक भाग आहे, आणि तो मुद्दाम केलेला आहे.

यात गैर काहीच नाही, मात्र चॅसिस खरोखर जमिनीला जोडलेली हवी. अमेरिकेत तेव्हाचे प्लग दोन पिनांचे होते, आणि ते कसेही उलटे-सुलटे बसत. तिसरी, जमिनीची वायर नव्हतीच. म्हणून अभियंत्यांनी तडजोड केली. चॅसिस आणि पुरवठ्याची एक वायर यांच्यामध्ये सुमारे ०.०५ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर घातला. ही वायर न्यूट्रल असली तर चॅसिस जवळपास जमिनीच्या पातळीवर येते आणि हमिंग दबते. प्लग उलटा बसला तर तीच वायर फेज होते! त्यासाठी पुष्कळ ॲम्प्लिफायरच्या पाठीमागे एक खटका दिलेला असे. त्याने कंडेन्सर एका वायरीवरून दुसरीवर जाई. आवाज कमी होईल ती बाजू बरोबर, एवढेच वादकाला ठाऊक. दुरुस्ती करणाऱ्या कारागिरांनी पुढे या कंडेन्सरला ‘डेथ कॅप’, म्हणजे मृत्यूचा कंडेन्सर, असे नाव दिले.

कंडेन्सर चांगला असताना तो किती विद्युतधारा जाऊ देतो हे बारावीच्या विद्यार्थ्याला काढता येईल. १२० व्होल्ट, ६० हर्ट्‌झ आणि ०.०४७ मायक्रोफॅरड घेतले, तर २πfCV या सूत्राने उत्तर येते सुमारे २ मिलिअँपिअर. आपल्या २३० व्होल्ट, ५० हर्ट्‌झच्या पुरवठ्यावर तोच कंडेन्सर सुमारे ३.४ मिलिअँपिअर देईल. या आकड्यांचा अर्थ कळतो तो कॅलिफोर्निया विद्यापीठातील चार्ल्स डाल्झिएल यांच्या प्रयोगांवरून. त्यांनी १३४ पुरुष आणि २८ स्त्रिया अशा स्वयंसेवकांच्या हातात तांब्याची तार देऊन धारा हळूहळू वाढवली आणि कितीपर्यंत ती तार स्वतःहून सोडता येते ते मोजले. सरासरी निघाली पुरुषांसाठी १६ आणि स्त्रियांसाठी १०.५ मिलिअँपिअर. त्यापुढे हाताचे स्नायू इतके आखडतात की मूठ उघडतच नाही. गिटारच्या मानेभोवती वळलेला डावा हात डोळ्यांसमोर आणा: प्रयोगातली मूठ आणि ही मूठ यांत फारसा फरक नाही. २ मिलिअँपिअरला ओठांना नुसत्या मुंग्या येतात. पण जुना कंडेन्सर आतून शॉर्ट झाला, तर मर्यादा घालणारे काहीच उरत नाही. पुरवठ्याचा पूर्ण दाब चॅसिसवर, चॅसिसवरून तारांवर. वादक दुसऱ्या, जमिनीला जोडलेल्या मायक्रोफोनला हात लावीपर्यंत हे कोणाला कळतही नाही. शरीराचा रोध १५०० ओहम धरला, तर २४० व्होल्टला १६० मिलिअँपिअर धारा एका हातातून दुसऱ्या हाताकडे, म्हणजे छातीतून जाते. हृदयाची लय बिघडवायला ती पुरेशी आहे.

३ डिसेंबर १९६५ रोजी सॅक्रामेंटो येथे ‘रोलिंग स्टोन्स’च्या कीथ रिचर्ड्‌सची गिटार मायक्रोफोनच्या स्टँडला लागली आणि तो बेशुद्ध पडला. रबरी तळव्याच्या बुटांनी त्याला वाचवले असे सांगतात. असेलही. पण रबरी तळवे हातातून पायांकडे जाणारा मार्गच तोडतात. एक हात तारांवर आणि दुसरा मायक्रोफोनवर असेल, तर बूट कोणतेही असोत, काही उपयोग नाही.

तिसऱ्या पिनेची कल्पना काही नवी नव्हती. फिलिप लाब्रे याला अमेरिकेत १९२८ सालीच तिचे पेटंट मिळाले होते. ब्रिटनमध्ये १९३४ च्या मानकात तीन गोल पिनांचा प्लग आला. आपल्या घरातला प्लग त्याच घराण्यातला आहे; ब्रिटनने स्वतः १९४७ मध्ये चौकोनी पिना स्वीकारल्या, आपण गोल ठेवल्या. त्यातली अर्थची पिन लांब असते, कारण ती सर्वांआधी जोडली जावी आणि सर्वांत शेवटी सुटावी. आणि ती जाड असते, म्हणजे भलत्या भोकात जाऊ नये. अमेरिकेत नव्या घरांतील नेहमीच्या सॉकेटांना अर्थिंग आवश्यक झाले ते १९६२ च्या नियमावलीपासून. गिटार ॲम्प्लिफायरला तीन पिनांची वायर सर्रास मिळू लागली ती त्या दशकाच्या अखेरीस.

आणि येथे गंमत पाहा. तिसरी पिन आली तसे नव्या प्रकारचे हमिंग आले. दोन अर्थ केलेले ॲम्प्लिफायर एका केबलने जोडले, की अर्थच्या वायरी आणि केबलची जाळी यांचे मोठे वेटोळे तयार होते आणि त्यातून पुन्हा ६० हर्ट्‌झची धारा वाहते. ते थांबवायला वादकांनी तिसरी पिन तोडली, किंवा तीनाचे दोन करणारा अडॅप्टर लावला. आवाज थांबतो, हे खरे. पण ज्या वायरीतून बिघाडाची धारा जमिनीत जाऊन फ्यूज उडायचा तीच वायर जाते, आणि चॅसिसची गत पुन्हा १९५० सालची होते. वेटोळे तोडायचे असेल तर ते ध्वनीच्या बाजूला तोडावे: केबलची जाळी एका टोकाला सोडून द्यावी, किंवा मध्ये ध्वनीचा ट्रान्सफॉर्मर घालावा. पुरवठ्याच्या अर्थला हात लावायचे काही कारण नाही. आपल्याकडे स्नेहसंमेलनात माइक ‘घूं’ करू लागला की मंडपवाला प्रथम बोर्डाकडेच धावतो, तेव्हा शिक्षकांनी हे जरूर लक्षात ठेवावे.

डाल्झिएल यांनी १९६१ मध्ये आणखी एक उपकरण तयार केले. जाणारी आणि येणारी धारा यांत सुमारे ५ मिलिअँपिअरचा फरक पडला, म्हणजे तेवढी धारा कोणाच्या तरी अंगातून जमिनीत जात असावी असे धरून ते पुरवठा तोडते. आपल्याकडच्या मुख्य बोर्डावर बसवतात तो ३० मिलिअँपिअरचा स्विच त्याच तत्त्वावर चालतो. त्याला फेज आणि न्यूट्रल यांच्यामध्ये सापडलेला माणूस मात्र ओळखता येत नाही. त्याच्या दृष्टीने तो माणूस आणि दिवा सारखेच.

१९५० आणि १९६० च्या दशकांतील ॲम्प्लिफायरना आज संग्राहक मोठी किंमत देतात आणि सर्व भाग मूळचे असावेत असा आग्रह धरतात. त्या भागांत दोन पिनांची वायर आणि तो कंडेन्सरही येतो. जाणते कारागीर प्रथम तीन पिनांची वायर बसवतात आणि कंडेन्सर कापून टाकतात. तो ध्वनीच्या मार्गात नसतोच, त्यामुळे गिटारच्या स्वरात काही फरक पडत नाही.