मायनर लीग हॉकीतील खेळाडूंची अदलाबदल

मायनर लीग हॉकीतील खेळाडूंची अदलाबदल ही उत्तर अमेरिकेतील दुय्यम श्रेणीच्या व्यावसायिक हॉकी संघांमध्ये रूढ असलेली व्यवहारपद्धती होय. या पद्धतीत एक संघ आपल्या खेळाडूचा करार किंवा त्याच्यावरील हक्क दुसऱ्या संघाच्या स्वाधीन करतो आणि मोबदल्यात दुसरा खेळाडू, रोख रक्कम अथवा पुढे ठरवावयाचे काही स्वीकारतो. येथे हॉकी म्हणजे भारतात परिचित असलेली मैदानी हॉकी नव्हे, तर बर्फावर स्केट घालून खेळली जाणारी आइस हॉकी होय. व्यवहार दोन संघांत होतो. ज्याच्याविषयी तो होतो त्या खेळाडूची संमती सर्वसाधारणपणे घेतली जात नाही. इंडियन प्रीमियर लीगमध्येही संघ खेळाडूंची देवघेव करतात, परंतु तेथे खेळाडूची संमती आवश्यक असते. हा भेद लक्षात घेतल्याशिवाय प्रस्तुत विषयाचे स्वरूप ध्यानात येत नाही.

श्रेणीरचना

आइस हॉकीची सर्वोच्च स्पर्धा म्हणजे नॅशनल हॉकी लीग (एनएचएल). तिच्याखालोखाल १९३६ साली सुरू झालेली अमेरिकन हॉकी लीग (एएचएल) असून तिचे ३२ संघ एनएचएलच्या ३२ संघांशी एकास एक असे संलग्न आहेत. त्याखाली १९८८ मध्ये स्थापन झालेली ईसीएचएल येते. सदर्न प्रोफेशनल हॉकी लीगसारख्या स्पर्धा त्याहूनही खालच्या पायरीवर असून त्यांचे संघ स्वतंत्र असतात.

एएचएल संघातील बऱ्याच खेळाडूंचा करार त्या संघाशी नसून वरच्या एनएचएल संघाशी असतो. असे खेळाडू स्थानिक संघाला परस्पर कोणालाही देता येत नाहीत. त्यांचे भवितव्य पालक संघ ठरवतो. पालक संघाने खेळाडूला वर बोलावणे किंवा खाली पाठवणे ही अदलाबदल नव्हे, कारण त्यात कराराचा मालक बदलत नाही. वृत्तपत्रांत या दोहोंची गल्लत वारंवार होते. स्थानिक संघाला मोकळीक असते ती केवळ त्याने स्वतः करारबद्ध केलेल्या खेळाडूंपुरती. त्यामुळे संघासंघांतील थेट देवघेव ईसीएचएल व त्याखालील स्पर्धांत अधिक आढळते.

मोबदल्याचे प्रकार

खेळाडूच्या बदल्यात खेळाडू हा सर्वांत सरळ प्रकार. याखेरीज रोख रक्कम आणि ‘ज्याचे नाव नंतर कळवले जाईल असा खेळाडू’ हेही प्रकार चालतात. ईसीएचएलच्या घोषणांत मात्र ‘भविष्यातील मोबदला’ ही संज्ञा सतत भेटते. तिचा अर्थ, आज खेळाडू न्या आणि देणे नंतर फेडा. हे देणे पुढे एखादा खेळाडू देऊन चुकते केले जाते, तर कधी ते नाममात्रच ठरते. गावातील उसनवारीशी या पद्धतीचे साम्य आहे.

अशा व्यवहारांमागे नेहमीच खेळाडूच्या गुणवत्तेचा निवाडा असतो असे नाही. ईसीएचएलमध्ये साप्ताहिक वेतनखर्चाला कमाल मर्यादा असते. तसेच २६० सामन्यांचा अनुभव ओलांडलेले चारच खेळाडू एका सामन्यात उतरवता येतात. पाचवा अनुभवी खेळाडू कितीही उपयुक्त असला, तरी या नियमामुळे तो जड होतो आणि दुसऱ्या संघाकडे जातो.

खेळाडूची बाजू

ईसीएचएलमध्ये खेळाडूच्या निवासाची सोय संघ करतो. म्हणून अदलाबदलीबरोबर घरही सुटते. आयडाहोतील बॉइझीपासून फ्लॉरिडातील एस्टेरोपर्यंत हे संघ पसरलेले असल्याने नवे गाव जवळपास असेलच असे नाही. नव्या संघात रुजू होण्यास नकार देणाऱ्या खेळाडूला तो संघ निलंबित करू शकतो. मग खेळणे थांबते, हक्क मात्र संघाकडेच राहतात.

या विषमतेचा सर्वांत गाजलेला प्रसंग १९६६च्या डिसेंबरमध्ये मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्ड येथे घडला. बॉस्टन ब्रुइन्सचे एकेकाळचे ख्यातनाम बचावपटू एडी शोर हे १९३९ पासून स्प्रिंगफील्ड इंडियन्स या एएचएल संघाचे मालक होते आणि त्यांचा कारभार कमालीचा जाचक मानला जाई. त्यांनी बिल व्हाइट, डेव्ह अमाडिओ व डेल रोल्फ या तिघांना मन लावून खेळत नसल्याच्या कारणावरून निलंबित केले, तेव्हा सहकाऱ्यांनी खेळण्यास नकार दिला. खेळाडूंच्या वतीने ब्रायन किलरे बोलणी करीत होते. त्यांनी टोरांटोचे वकील ॲलन ईगलसन यांची मदत घेतली. अखेर शोर यांना संघाचा दैनंदिन कारभार सोडावा लागला. १९६७ मध्ये एनएचएल खेळाडूंची संघटना उभी राहिली, तिच्या पार्श्वभूमीवर हा संप होता. मायनर लीगमधील खेळाडूंची संघटनाही त्याच वर्षी स्थापन झाली. (याच ईगलसन यांना पुढे १९९८ मध्ये फसवणुकीच्या गुन्ह्यात शिक्षा झाली.) स्प्रिंगफील्डचे खेळाडू मग लॉस एंजेलिस किंग्ज या नव्या संघाकडे गेले, आणि १४ ऑक्टोबर १९६७ रोजी त्या संघाच्या इतिहासातील पहिला गोल किलरे यांनीच केला.

प्रसिद्ध उदाहरणे

शोर यांनी जेक मिलफर्ड या खेळाडूला दोन गोलजाळ्यांच्या बदल्यात दुसऱ्या संघाला दिले आणि जाळ्या जुन्या निघाल्या म्हणून तक्रारही केली, असा किस्सा सांगितला जातो. मिलफर्ड पुढे लॉस एंजेलिस व व्हँकूव्हर येथील एनएचएल संघांचे महाव्यवस्थापक झाले आणि १९८४ मध्ये हॉकी हॉल ऑफ फेममध्ये त्यांचा समावेश झाला.

१९८३च्या जानेवारीत कुमारवयीनांच्या वेस्टर्न हॉकी लीगमध्ये सिॲटल ब्रेकर्सने टॉम मार्टिन यांच्यावरील हक्क व्हिक्टोरिया कुगर्सला देऊन बदल्यात एक वापरलेली बस घेतली. हा प्रसंग विनोद म्हणून सांगितला जातो, पण व्यवहार उभयपक्षी शहाणपणाचा होता. मार्टिन डेन्व्हर विद्यापीठात शिकत होते आणि सिॲटलकडून खेळण्यास तयार नव्हते. त्यांना आपल्या व्हिक्टोरिया गावासाठी खेळावयाचे होते. तिकडे बंद पडलेल्या स्पोकेन फ्लायर्सकडून घेतलेली बस व्हिक्टोरियाला करांच्या बोज्यामुळे सीमेपलीकडे कॅनडात नेता येत नव्हती. दोघांकडेही निरुपयोगी झालेली वस्तू दुसऱ्याच्या कामाची होती. वस्तू म्हणून मोजला गेलेला हा खेळाडू पुढे एनएचएलमध्येही खेळला.

१९९३ मध्ये विनिपेग जेट्सने एएचएलच्या मॉन्क्टन हॉक्सकडून खेळणारे क्रिस ड्रेपर यांना अवघ्या एका डॉलरला डेट्रॉइट रेड विंग्जकडे सोपवले. ड्रेपर यांनी डेट्रॉइटकडून हजारांहून अधिक सामने खेळून चार वेळा स्टॅनले चषक जिंकला.

अशा व्यवहाराची थट्टा प्रत्येकाला पेलतेच असे नाही. याचे उदाहरण हॉकीतील नव्हे, बेसबॉलच्या मायनर लीगमधील आहे. २००८ च्या मे महिन्यात कॅल्गरी वायपर्सने जॉन ओडम या गोलंदाजाला दहा बॅटींच्या बदल्यात टेक्ससमधील लरेडो ब्रॉन्कोसला दिले. जुन्या गुन्ह्याच्या नोंदीमुळे त्यांना कॅनडात प्रवेश मिळत नव्हता, एवढेच त्यामागचे कारण. परंतु मैदानोमैदानी प्रेक्षक बॅटींवरून त्यांना चिडवू लागले आणि सुमारे तीन आठवड्यांत त्यांनी संघ सोडला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये, वयाच्या २६व्या वर्षी, अमली पदार्थांच्या अतिसेवनाने त्यांचा मृत्यू झाला. त्या बॅटी लरेडोच्या मैदानावर कधी वापरल्या गेल्या नाहीत. त्या विकल्या गेल्या.