नाव-गावासकट

यवतमाळ म्हटले की बाहेरच्या माणसाला कापूस आठवतो, आणि त्यापाठोपाठ कर्ज. याच गावात १९७३ साली ग. दि. माडगूळकर आणि २०१९ साली अरुणा ढेरे यांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलने भरली, हे मात्र मुद्दाम सांगावे लागते. संमेलनाचे मांडव उतरतात. आवडलेली ओळ, चाल किंवा छायाचित्र दुसऱ्याला दाखवल्याशिवाय चैन न पडण्याची खोड मागे राहते. ही खोडच अभ्यासाचा विषय व्हावी, एवढ्यासाठी ही प्रस्तावना.

नव्या वाचकांनी सुरुवात भाऊसाहेब पाटणकरांपासून करावी. वा. वा. पाटणकर (१९०८–१९९७), आद्याक्षरांतच दाद घेऊन आलेला माणूस! पेशाने वकील, हौसेने शिकारी. उर्दू शायरीचा बाज त्यांनी मराठीत आणला. पण आत मद्य आणि प्रेयसीच्या शेजारी आपली पुराणे आणि वेदान्तही बसवला. त्यांची शायरी पुस्तकांतून मिळते. तरी तिचे खरे घर मैफल. मुशायऱ्यात पहिली ओळ दोनदा म्हणतात, श्रोत्यांना अंदाज बांधू देतात, आणि मग दुसरी ओळ तो अंदाज उधळून लावते. म्हणून तुम्ही पुस्तक उघडाल तेव्हा खालची ओळ तळहाताने झाका, वरची मोठ्याने म्हणा, थोडे थांबा. एकट्याने वाचण्यापेक्षा समोर कुणी असेल तर उत्तमच. वऱ्हाडी बोलीतले शंकर बडे यांनाही असेच, वाचण्याआधी ऐकावे.

गाण्याकडे वळायचे तर पुसद-दिग्रसकडच्या तांड्यांवर होळीला गायली जाणारी बंजारा लेंगी ऐका. तिला बहुधा एक कवी नसतो. तेव्हा ध्वनिमुद्रण पुढे देताना निदान तांड्याचे नाव आणि गाणाऱ्यांचे ऋण नोंदवावे.

छायाचित्रांत यवतमाळ–मूर्तिजापूरच्या ‘शकुंतले’ला तोड नाही. कापूस वाहण्यासाठी घातलेली ही अरुंद रुळांची गाडी. तिचे १९२१ साली मँचेस्टरमध्ये बनलेले वाफेचे इंजिन १९९४ पर्यंत धावले. आता गाडीच नसल्याने प्रत्येक जुने चित्र पुरावा ठरते. पण मागच्या बाजूला ‘दारव्हा’ आणि साल लिहिलेले नसेल, तर तो केवळ एक देखणा धूर.

गेल्या काही वर्षांत हे सारे व्हॉट्सॲपवर आले, याबद्दल माझी तक्रार नाही. पूर्वी वहीत उतरवून घेतलेला शेर आठवड्याने दुसऱ्या गावी पोचे. आज तो क्षणात पोचतो. मात्र वाटेत नाव गळते, किंवा त्याहून वाईट म्हणजे भलतेच चिकटते. महाराष्ट्रातली निम्मी निनावी कविता पु. ल. देशपांड्यांच्या नावावर जमा आहे, असे वाटावे अशी आजची स्थिती! जुन्या वहीत अक्षर ओळखून विचारता तरी येई, ‘हे कुठून उतरवलेस?’

वाचकांनी या क्षेत्रात केवळ चाखायला नव्हे, वाढायलाही यावे. तुमच्या घरी अशी एखादी वही, ध्वनिफीत वा छायाचित्र असेल तर ते जरूर पुढे द्या. देण्याआधी कुणाचे, कुठले आणि केव्हाचे, एवढे तेवढे लिहा.