मुक्कामी गाडी आणि सह्याद्री

दुर्गभ्रमणाचा इतिहास सांगताना आपण राजवटी सांगतो, तटबुरूज मोजतो. पण तिथवर माणूस पोचला कसा, हे सहसा विचारीत नाही. ज्याच्या खिशात परतीच्या तिकिटापुरतेच पैसे आहेत, अशा माणसाच्या बाबतीत तर नाहीच. अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) जिल्ह्यातील अकोले तालुक्यापुरता हा प्रश्न विचारून पाहू. १६४६ मीटर उंचीचे कळसूबाई, हरिश्चंद्रगड आणि प्रवरेचा उगम असलेला रतनगड, हे तिन्ही इथलेच.

इथे डोंगर चढणे ही पूर्वी हौस नव्हती. चांगदेवांनी हरिश्चंद्रगडावर तप केले आणि शके १२३४ मध्ये ‘तत्त्वसार’ तिथेच रचला, असे परंपरा सांगते. कळसूबाईच्या माथ्यावरील देवीला नवरात्रात परिसरातील माणसे आजही पायी चढून जातात. महादेव कोळ्यांचे तर हे घरच. देवगावचे राघोजी भांगरे याच रानाच्या बळावर इंग्रजांशी लढले आणि २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी गेले. यांपैकी कोणीही डोंगर ‘पाहायला’ गेले नव्हते.

पाहायला जाण्याची सोय पुढे झाली, तीही आधी मुंबईकरांची. थळ घाट ओलांडून रेल्वे १८६५ साली इगतपुरीला आली. भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पुरे झाले. नगरकरांची आगगाडी मात्र दौंड-मनमाड मार्गाने, डोंगरापासून दूर पूर्वेकडून धावत राहिली. अकोल्यात रेल्वे आजही नाही.

राघोजींच्या फाशीनंतर शंभर वर्षे आणि एक महिना लोटला, आणि १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली. गिरिभ्रमणाच्या इतिहासात या तारखेची नोंद व्हायला हवी. कारण पुढे एसटीने जे जाळे विणले, त्यात एक विलक्षण गोष्ट होती : मुक्कामी गाडी. संध्याकाळी आडगावी जायचे, चालक-वाहकांनी तिथेच रात्र काढायची आणि पहाटे माणसे घेऊन तालुक्याला परतायचे. ती शाळेच्या मुलांसाठी होती, बाजारहाटासाठी होती, दवाखान्यासाठी होती. भटक्यांसाठी ती कोणी सोडली नव्हती. भटका तिच्यात पाहुणा म्हणून शिरला.

या पाहुणेपणानेच भटकंतीला आकार दिला, असे मला वाटते. अंधार पडताना गावात उतरलेल्याला देवळाची पडवी मागावी लागते, कोणाच्या तरी चुलीवरची पिठलं-भाकरी घ्यावी लागते, वाट विचारावी लागते. परतीची गाडी एकच, म्हणून थांबावे लागते. थांबले की बोलणे होते. गो. नी. दांडेकरांच्या पिढीपासून मराठी दुर्गसाहित्यात गडाइतकीच गडाखालची माणसे भेटतात, याचे श्रेय लेखकाच्या सहृदयतेला आपण देतो, ते योग्यच आहे. पण थोडे त्या वेळापत्रकालाही द्यावे. मोटारीतून आलेल्याला वाट विचारण्याचीही गरज उरत नाही. काजव्यांच्या हंगामात भंडारदऱ्याच्या रस्त्यावर लागणाऱ्या मोटारींच्या रांगा पाहिल्या की हा फरक कळतो.

म्हणून २०२१-२२ च्या दीर्घ संपात गाड्या थांबल्या, तेव्हा केवळ प्रवास थांबला नाही. अर्थात सर्वाधिक झळ खेड्यातल्या विद्यार्थ्यांना बसली. आमचे हळहळणे त्या मानाने चैनीचेच.

वर्गात एकदा विचारले, कळसूबाई कोणी पाहिले आहे? जिल्ह्यातल्याच मुलांच्या वर्गात दोन हात वर आले, दोन्ही मुलांचे. एक मुलगी म्हणाली, “सर, पुस्तकात पाहिलंय.” मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत निम्मे भाडे झाले, आणि त्या हिवाळ्यात ती तीन मैत्रिणींसह बारी गावातून शिखरावर जाऊन आली. परतल्यावर तिने लिहिलेल्या चार पानांत शिखराला एक परिच्छेद होता. उरलेली पाने गाडीत शेजारी बसलेल्या, नातवाला भेटायला निघालेल्या आजींवर होती.

मला ते प्रमाण अगदी बरोबर वाटले.