ऊर्जेचे स्वामित्व : इटियाडोहापासून जुब्बत अध-धीबपर्यंत

डोह म्हणजे नदीपात्रातील खोल, संथ पाणी. गाढवी नदीवरील इटियाडोह धरणाने (१९७०) हे पाणी साठविले आणि ते कालव्यांतून उताराच्या बळावर भातशेतीकडे नेले. निसर्गाचे हे बळ फुकटचे असले, तरी पाण्याचे वाटप शासनाच्या हाती होते. सिंचनाचे व्यवस्थापन शेतकऱ्यांच्या पाणी वापर संस्थांकडे सोपविणारा राज्याचा स्वतंत्र अधिनियम २००५ मध्ये झाला.

सूर्यशक्तीच्या बाबतीतही हाच प्रश्न उपस्थित होतो. पुणे जिल्ह्यातील दरेवाडीत विजेची तार पोहोचली नव्हती. तेथे २०१२ मध्ये सुमारे ९.४ किलोवॉट क्षमतेचे सौरकेंद्र उभे राहिले. ३९ घरांत दिवे लागले आणि व्यवस्था ग्रामस्थांच्या समितीकडे आली. अधिसूचित ग्रामीण भागात अशी वीज निर्माण करून वाटण्यास २००३ च्या विद्युत अधिनियमाने अनुज्ञप्तीची अट ठेवलेली नाही.

पॅलेस्टाईनमध्ये बेथलेहेमनजीकच्या जुब्बत अध-धीब ह्या खेड्यात मात्र अंतर नव्हे, तर परवानगी आड आली. शेजारच्या इस्राएली वसाहतींत वीज होती, खेड्यात नव्हती. नेदरलँड्सच्या साहाय्याने तेथे बसविलेले सौरसंच परवान्याअभावी इस्राएली अधिकाऱ्यांनी जून २०१७ मध्ये जप्त केले व त्याच वर्षी पुढे परत केले.

सारांश, ऊर्जा अक्षय आहे एवढे म्हणणे पुरेसे नव्हे. ती अडविण्याचा अधिकार कोणाकडे आहे, ह्यावरच खेड्यातील दिव्याचे भवितव्य अवलंबून असते.