गॅल्व्हस्टन : समुद्रात बुडून पुन्हा उभे राहिलेले शहर

गॅल्व्हस्टन हे अमेरिकेच्या टेक्सास राज्यातील बंदराचे शहर. मेक्सिकोच्या आखातातील एका लांबट, सखल, रेताड बेटावर ते वसले आहे. ह्यूस्टनपासून अंतर सुमारे ८० किलोमीटर. २०२० च्या जनगणनेनुसार लोकसंख्या ५३,६९५. स्पॅनिश गव्हर्नर बर्नार्डो दे गाल्व्हेझ यांच्यावरून हे नाव पडले.

इतिहास : शहराची रीतसर स्थापना १८३९ मध्ये झाली. कापसाच्या निर्यातीवर ते श्रीमंत झाले. १९ जून १८६५ रोजी जनरल गॉर्डन ग्रेंजर यांनी टेक्सासमधील गुलाम मुक्त झाल्याचा हुकूम येथेच जाहीर केला. ‘जूनटीन्थ’ नावाने पाळला जाणारा हा दिवस २०२१ पासून अमेरिकेत राष्ट्रीय सुट्टीचा आहे. टेक्सासमधील पहिले सरकारी वैद्यकीय महाविद्यालयही १८९१ मध्ये येथे सुरू झाले व ते आजही चालू आहे.

१९०० चे वादळ : त्याच १८९१ साली हवामान खात्याचे स्थानिक अधिकारी आयझॅक क्लाइन यांनी वृत्तपत्रात लिहिले होते, की येथे मोठ्या वादळाचा धोका नाही आणि बंधाऱ्याची गरज नाही. ८ सप्टेंबर १९०० रोजी १५ फुटांहून उंच पाणी बेटावर चढले. बेटाची सर्वांत उंच जागाही ९ फुटांपेक्षा कमी होती. अंदाजे ८,००० माणसे दगावली. त्यात क्लाइन यांच्या पत्नीही होत्या. अमेरिकेतील ही आजवरची सर्वांत प्राणघातक नैसर्गिक आपत्ती होय.

पुनर्बांधणी : लोकांनी बेट सोडले नाही. १९०४ पर्यंत १७ फूट उंचीची समुद्रभिंत उभी राहिली. त्यानंतर शहराची जमीनच वर उचलण्यात आली. दोन हजारांवर इमारती जॅक लावून उचलल्या आणि खाली समुद्रातील रेती भरली. हे काम १९११ पर्यंत चालले. १९१५ च्या वादळात भिंतीने शहर वाचवले. मात्र १९१४ मध्ये ह्यूस्टनचा जहाजमार्ग खुला झाल्याने मोठा व्यापार तिकडे वळला.

आज : पर्यटन, बंदर आणि वैद्यकीय विद्यापीठ हे मुख्य आधार आहेत. भिंतीवरचा रस्ता आणि स्ट्रँड भागातील जुन्या इमारती पाहण्यासारख्या आहेत. २००८ मध्ये ‘आइक’ वादळाचे पाणी मागच्या खाडीकडून शिरले. त्या बाजूला भिंत नव्हती. ह्यूस्टनला मुलांकडे जाणाऱ्यांना एका दिवसात जाऊन येता येते. जून ते नोव्हेंबर हा वादळांचा हंगाम असतो, त्यामुळे निघण्यापूर्वी हवामानाचा अंदाज जरूर पाहावा.