वऱ्हाडातला संगणक : यंत्र आधी, गुरुजी मागून

महासंगणकाचा विषय निघाला की वऱ्हाडी माणसाला अभिमान वाटतो. १९९१ साली पुण्याच्या सी-डॅकमध्ये 'परम ८०००' तयार झाला. त्याचे शिल्पकार डॉ. विजय भटकर हे अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचे. पण याच जिल्ह्यातल्या शाळेत संगणकशास्त्र शिकवणारा शिक्षक कसा घडला, हे आपण क्वचितच विचारतो.

शालेय संगणकाचा सरकारी इतिहास १९८४-८५ पासूनचा. त्या वर्षी केंद्र सरकारने देशातल्या २४८ शाळांत 'क्लास' हा प्रायोगिक प्रकल्प सुरू केला. बीबीसी मायक्रो हे ३२ केबी मेमरीचे ब्रिटिश यंत्र शाळांना मिळाले. प्रकल्पाच्या नावातच 'साक्षरता' हा शब्द होता आणि पुढची दिशा त्यानेच ठरवली. बारावीच्या द्विलक्षी अभ्यासक्रमात ८०८५ मायक्रोप्रोसेसर आणि सी++ आले खरे, पण ते विज्ञान शाखेच्या मोजक्या विद्यार्थ्यांपुरते.

२००१ साली एमएस-सीआयटी आली. सरकारी नोकरीसाठी ती आवश्यक ठरल्यावर आम्ही शिक्षकही शाळा सुटल्यावर त्या वर्गांना बसू लागलो. पत्र टाइप करणे, तक्ता मांडणे, ई-मेल पाठवणे शिकलो. निकालपत्रके करताना त्याचा फार उपयोग झाला. पण सहावीतल्या एका पोराने विचारले, "गुरुजी, याले हे समजते कसं?" तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हते. मी यंत्र वापरायला शिकलो होतो. ते विचार कसा करते हे मला कोणी शिकवले नव्हते.

पुढे केंद्राच्या 'आयसीटी' योजनेतून शाळांत संगणक कक्ष उभे राहिले. निदेशक कंत्राटी होते. कंत्राट संपले की निदेशक जात आणि कक्षाची किल्ली मुख्याध्यापकांच्या कपाटात राही. भारनियमनाच्या दिवसांत तर किल्ली असूनही उपयोग नसे.

नवा विषय शाळेत कसा रुजवावा, हे खरे तर अमरावतीला ठाऊक होते. वैद्य बंधूंनी १९१४ साली स्थापलेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने बाहेरगावच्यांसाठी उन्हाळी वर्ग चालवले. तिथे शिकलेला माणूस गावी परतला की तिथल्या मैदानावर व्यायाम सुरू होई. साहित्य थोडे, पण शिकवणारा पक्का. संगणकाच्या बाबतीत आपण हा क्रम उलटा केला.

२०१६ साली एसीएम इंडियाने सुरू केलेल्या 'सीएसपाठशाला' उपक्रमाने तो सुलट करण्याचा प्रयत्न केला. त्यात शिक्षकांना प्रशिक्षण आणि तयार पाठ मिळतात, आणि बरेचसे पाठ संगणकाविना घेता येतात. मीही वर्गात एक खेळ घेतला. १ ते १०० मधली एक संख्या मनात धरायची. मुलांनी सांगितलेल्या संख्येपेक्षा ती मोठी की लहान, एवढेच मी सांगायचे. पोरे आधी १, २, ३ अशी चालली. मग एकीने ५० विचारले. दर वेळी उरलेल्यातले निम्मे गळत गेले आणि जास्तीत जास्त सात प्रश्नांत संख्या सापडते, हे त्यांनीच शोधले. संगणकशास्त्राचा तो पहिला धडा खडू-फळ्यावर झाला.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने उच्च प्राथमिक वर्गांत कोडिंग सांगितले आहे. यंत्रे पुन्हा येतील. त्याआधी एकदा गुरुजींसाठी उन्हाळी वर्ग भरवावा, एवढेच मागणे आहे. त्या सहावीतल्या पोराचे उत्तर अजून देणे आहे.