अखेरीस येणारे शीर्षक : द्यब्युसीची पियानोरचना आणि मर्ढेकरांचा लयसिद्धान्त

'दृक्प्रत्ययवाद' ही संज्ञा संगीतात आली ती दूषण म्हणून. १८७४ साली पॅरिसमध्ये मोने व त्याच्या सहकाऱ्यांच्या प्रदर्शनाची टवाळी करताना रूढ झालेला हा शब्द १८८७ मध्ये फ्रेंच कला-अकादमीने तरुण क्लोद द्यब्युसीच्या 'प्रँतां' या रचनेविषयी वापरला. १९०८ मधील एका पत्रात द्यब्युसीनेही तो झिडकारला. तथापि 'पावसातील बागा' (१९०३), 'पाण्यातील प्रतिबिंबे' (१९०५) ही त्याच्या पियानोरचनांची नावे चित्राकडेच बोट दाखवितात. मग ही प्रतिमा स्वरांत असते की नावात?

मराठी सौंदर्यविचाराला हा प्रश्न परका नाही. बा. सी. मर्ढेकरांनी 'सौंदर्य आणि साहित्य' (१९५५) मध्ये कलाकृतीचे सौंदर्य तिच्या लयबद्ध संघटनेत शोधले. संवाद, विरोध आणि समतोल हे त्या लयीचे नियम होत. या दृष्टीने स्वराला लौकिक अर्थाचा आधार लागत नाही.

द्यब्युसीच्या 'प्रेल्यूद'च्या दोन संग्रहांत (१९१०, १९१३) प्रत्येक रचनेचे नाव आरंभी नसून अखेरीस, कंसात छापलेले आहे. पहिल्या संग्रहातील दुसऱ्या रचनेच्या नावाचा अर्थ 'शिडे' असाही होतो आणि 'अवगुंठने' असाही. तिची स्वरावली बव्हंशी सहा समान अंतरांची असल्याने ती कोणत्याही षड्जाकडे ओढ घेत नाही. खर्जात मात्र एकच स्वर घुमत राहतो. मध्येच अल्पकाळ पंचस्वरी स्वरावली येते आणि विरते. ही रचना विरोधलयीच्या परिभाषेत नेमकी उलगडते. त्यासाठी शिडांची वा अवगुंठनांची गरज भासत नाही.

परंतु नाव वाचल्यावर तेच स्वर वाऱ्यावर हलू लागतात, हेही तितकेच खरे. संघटना नावावाचून पूर्ण आहे, प्रतिमा नाही. कलाविषयक संकल्पनेला लौकिक आणि अलौकिक असे दोन ध्रुव असतात, हे रा. भा. पाटणकरांनी 'सौंदर्यमीमांसा' (१९७४) मध्ये केलेले प्रतिपादन येथे अधिक उपकारक ठरते.

मर्ढेकरांच्या सिद्धान्ताची मर्यादाही येथेच दिसते. संगीतकार शब्दाला अखेरीस, कंसात ठेवू शकतो. कवीला ती सोय नाही. त्याची प्रतिमा शब्दातच जन्मते आणि शब्दाबरोबर जीवनार्थ आरंभापासूनच कवितेत येतो. स्वरलयीचा नियम साहित्याला लावताना हा भेद पुसला जातो. महानगरी जीवनाच्या प्रतिमांनी भारलेली मर्ढेकरांची स्वतःची कविताच त्यांच्या सिद्धान्ताला याबाबतीत सर्वांत समर्थ उत्तर देते.